काचेच्या पेटीतला दूधभाऊ

आमच्या घरात जेवताना ‘शी’ हा शब्द उच्चारायला बंदी होती. बंदी घालणारी मीच. टेलिफोन खात्यात सगळी नोकरी ऑपरेटर म्हणून केलेली बाई मी, त्यामुळे कुठे काय बोलावं नि कुठे बोलू नये याबद्दल माझे नियम पक्के. नात जन्मली आणि ते सगळे नियम धाब्यावर बसले. हैदराबादेत काचीगुड्याच्या आमच्या घरात सकाळच्या चहाबरोबर मुलगा दवाखान्यात फोन लावायचा आणि विचारायचा, “सिस्टर, शी झाली का? रंग कसा होता?” मी बशी हातात तशीच धरून कान टवकारून बसायची.

नात सातव्या महिन्यातच आली. सुनेची पाणमोट अचानक फुटली आणि डोहाळजेवणासाठी आणलेली साडी कपाटात घडीसुद्धा न मोडता राहिली. पोरगी एवढीशी, माझ्या कोपरापासून मनगटापर्यंत मावेल अशी. काचेच्या पेटीत ठेवलेली, तोंडात बारीक नळी, हातापायांना वायरी. मी पहिल्यांदा काचेतून तिला पाहिलं तेव्हा मला रडू नाही आलं, रागच आला. इतकी घाई कशाची होती हिला, असं वाटलं. माझं हे असंच आहे, घाबरले की मी चिडते.

पहिले काही दिवस बरे गेले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अशा बाळाला आईचं दूध म्हणजे औषध. सून बिचारी मशीन लावून, कपाळावर घाम येईस्तोवर बसून थेंब थेंब दूध काढायची आणि ते नळीवाटे पोरीच्या पोटात जायचं. सून लातूरकडची, बोलायला कमी, कामाला वाघ. दूध काढतानाही ती एखादं सरकारी काम करावं तशी मान खाली घालून करायची. पोरगी दूध पचवू लागली, तिचं वजन जरा वाढलं आणि मुलाने हिमायतनगरच्या दुकानातून मिठाई आणून ठेवली.

एका सकाळी सिस्टरने पोट मोजायची पट्टी पोरीभोवती गुंडाळली आणि तिचा चेहरा बदलला. पोट फुगलं होतं, ताणून चकचकीत झालं होतं. नळीतून हिरवं पाणी परत येत होतं आणि शीमध्ये रक्त होतं. डॉक्टरीणबाईंनी आम्हांला बसवून सांगितलं. वेळेआधी आलेल्या बाळांचं आतडं कच्चं असतं. कधीकधी त्याला सूज येते, नीट रक्त पोचत नाही आणि त्याचा काही भाग मरतो. बाळ जिवंत असताना त्याचं आतडं मरतं म्हणजे काय, हे माझ्या डोक्यात शिरेना. त्यांनी दूध बंद केलं, शिरेतून औषधं सुरू केली, पुन्हापुन्हा एक्सरे काढले. शेवटी आतड्याला भोक पडल्याचं दिसलं आणि पोरीला ऑपरेशनला नेलं.

ऑपरेशन करणारे डॉक्टर बाहेर आले तेव्हा मी त्यांच्या तोंडाकडे न बघता त्यांच्या चपलांकडे बघत होते. काळा पडलेला तुकडा काढून टाकला, म्हणाले. वरच्या आतड्याचं तोंड पोटावर आणून ठेवलंय, तिथे छोटी पिशवी लावलीय, काही महिन्यांनी पुन्हा जोडू. उरलेलं आतडं पुरेसं आहे असं वाटतं, पण त्याला दूध झेपेल की नाही हे दूध सुरू केल्यावरच कळेल. सध्या तोंडावाटे काहीही नाही. सगळं पोषण शिरेतून.

म्हणजे आता आमच्या पोरीचं सगळं आयुष्य त्या एका गोष्टीवर येऊन थांबलं होतं, ती दूध पचवेल की नाही.

सुनेच्या मनात मात्र वेगळंच चाललं होतं. ते मला कळलं दूध काढायच्या खोलीत. सिस्टर रोज सांगायच्या, अम्मा, दूध काढत राहा, नाहीतर आटेल, बाळाला पुढे लागेल, आम्ही गोठवून ठेवू. सून हो म्हणायची. एकदा मी तिचा डबा घेऊन आत गेले, तर ही बाई बेसिनपाशी उभी राहून अख्खी बाटली पाण्यात ओतत होती. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. “अगं, डोकं ठिकाणावर आहे का?” म्हणाले मी.

तिने नळ सोडला, बेसिन स्वच्छ धुतलं आणि मग बोलली. “आई, माझं दूध पोटात गेलं आणि तिचं पोट फुटलं. तिला जे गेलं ते माझंच गेलं ना? दुसरं काय गेलं तिच्या पोटात?”

डॉक्टरीणबाईंनी तिला समजावलं. हा आजार दुधामुळे नाही, उलट आईच्या दुधावरच्या बाळांना तो कमी होतो, तरी काहींना होतोच, तुमचा काही दोष नाही. सून ऐकून घ्यायची, मान हलवायची आणि जाऊन बाटली ओतायची. मुलाने मोबाइलवर वाचून दाखवलं, तरी तेच. मी रागावले, मग जवळ घेतलं, मग पुन्हा रागावले. नातेवाईक फोन करून म्हणत, पोरीला घुटी द्या, सुनेला अळीवाचे लाडू द्या. मी म्हणायची, फोन ठेवा आधी.

दवाखान्याच्या दुसऱ्या मजल्यावर आम्हा थांबलेल्या माणसांचा हॉल होता. तिथे मोबाइल चार्जिंगच्या एका प्लगवरून तेलुगू, उर्दू नि मराठी अशा तिन्ही भाषांत भांडणं व्हायची. माझ्या शेजारच्या खुर्चीवर काळा बुरखा मागे टाकून एक म्हातारी बसायची. नामपल्लीकडे राहणारी. सगळे तिला खाला, म्हणजे मावशी म्हणत, मीही म्हणू लागले. तिच्या मुलीला बाळंतपणात झटके आले होते, ती वरच्या आयसीयूत बेशुद्ध. बाळ, म्हणजे खालाचा नातू, आमच्या पोरीच्या दोन पेट्या पलीकडे. तोही आमच्या पोरीसारखाच, वेळेआधी आलेला.

त्याला दूध हवं होतं आणि त्याची आई देऊ शकत नव्हती. इतक्या लहान बाळाला पावडरचं दूध द्यायला डॉक्टरीणबाई राजी नव्हत्या, कारण त्यानेच पोटाचा तो धोका वाढतो. दवाखान्यात दुधाची बँक होती. बऱ्याच आयांनी दिलेलं दूध तिथे एकत्र करतात, तापवून निर्जंतुक करतात आणि गरजेच्या बाळांना देतात. डॉक्टरीणबाई हॉलमध्ये येऊन खालाला हे सगळं नीट समजावून सांगत होत्या. मी शेजारी बसून स्वेटर विणायचं नाटक करत ऐकत होते.

खाला म्हणाली, “वो सब ठीक है डॉक्टरनी साब. पर दूध किसका है?”

“बहुत माँओं का रहता है, अम्मा. नाम हम नहीं बताते.”

“तो मेरेकू नक्को. किसका है मालूम होना मेरेकू.”

आता इथे माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं. आम्ही बौद्ध. माझे वडील नांदेडकडच्या खेड्यातून हैदराबादला आले ते नोकरीसाठी, आणि एवढ्यासाठीही, की इथे कुणी त्यांना वरून पाणी ओतणार नाही. हॉटेलात वेगळी कपबशी त्यांनी पाहिलेली होती, मी नाही. पण ‘कुणाचं’ हा प्रश्न आमच्या घरात सगळ्यांना वासावरून ओळखता येतो. आडनाव काय, मूळ गाव कुठलं, कोणत्या गल्लीतलं, असं विचारत विचारत माणसं शेवटी कुठे पोचतात ते आम्हांला ठाऊक आहे. त्यामुळे खालाचा प्रश्न कानावर पडला आणि माझ्या हातातल्या सुया थांबल्या.

“क्यों हो खाला,” मी म्हणाले, माझा आवाज एकदम ऑपरेटरचा, सगळ्या हॉलला ऐकू जाणारा. “बच्चा उधर भूका है, और तुमकू दूध की जात होना? गाय का पीते तब पूछते क्या, किसके घर की है बोल के?”

चार्जिंगवाले दोघे भांडायचे थांबले. डॉक्टरीणबाईंनी फाईल छातीशी धरली.

खाला माझ्याकडे बघतच राहिली. रागावली नाही, नुसती गोंधळली. मग म्हणाली, “जात कौन पूछा बाजी? मैं माँ पूछरूं.”

“मतलब?”

“जिस औरत का दूध पीयेगा मेरा नवासा, वो उसकी माँ हो गई ना? उसके बच्चे इसके भाई-बहन हो गये. बड़े हो के अनजाने में अपनी बहन से शादी कर लिया तो? गुनाह किसके सर? मेरे सर. इसके वास्ते पूछरूं, माँ कौन है बोल के.”

मी आयुष्यभर ज्या प्रश्नाची चीड घेऊन फिरले, तोच प्रश्न ही बाई अगदी उलट कारणासाठी विचारत होती. तिला दूर ठेवायला माणूस शोधायचा नव्हता, नातं लावायला शोधायचा होता. मी विणकाम पिशवीत कोंबलं आणि चहा आणायला गेले. दोन आणले. खालाने त्यातला एक घेतला आणि फुंकर घालत म्हणाली, “गुस्सा बहोत है तुमकू. अच्छा है. बीपी देखते रहो.”

चहा संपेपर्यंत आमच्या पोरीची सगळी हकीकत मी तिला सांगून टाकली होती. बेसिनाचीही. का सांगितली कोण जाणे, मुलालाही मी ती सांगितली नव्हती. खाला ऐकत होती. मग गुडघ्यावर हात टेकून उठली आणि म्हणाली, “तुम्हारी बहू किधर है?”

सून कोपऱ्यात भिंतीला टेकून बसली होती. खाला तिच्यासमोर सरळ फरशीवर बसली. म्हणाली, बेटी, तेरा दूध मेरे बच्चे को दे. सून घाबरून माझ्याकडे बघू लागली. मग तिच्या लातुरी हिंदीत म्हणाली, “अम्मा, मेरा दूध नको. मेरे दूध से मेरी बच्ची का पेट फटा.”

“डॉक्टरनी ऐसा बोली?”

“नहीं. वो तो नहीं बोलते.”

“तो कौन बोला?”

खालाने तिथूनच हाक मारून डॉक्टरीणबाईंना पुन्हा बोलावलं आणि सगळं पहिल्यापासून सांगायला लावलं. डॉक्टरीणबाईंनी तिसऱ्यांदा की चौथ्यांदा तेच सांगितलं. तरी सुनेला ते पटलं म्हणून ती हो म्हणाली असं नाही. एक म्हातारी बाई आपल्यासमोर फरशीवर बसून मागतेय, तिला नाही कसं म्हणायचं, म्हणून ती हो म्हणाली. तिच्या रक्ताच्या तपासण्या झाल्या, सह्या झाल्या. दूध तापवून निर्जंतुक करायचं, पण इतरांत न मिसळता वेगळ्या बाटलीत ठेवायचं, असं बँकेने कबूल केलं.

त्या दिवसापासून सून आत गेली की आधी त्या मुलाच्या पेटीपाशी जाऊ लागली. आपल्या पोरीला लांबून बघायची आणि सिस्टरला विचारायची, बाबूचं पोट कसंय? सिस्टर तेलुगू, ती म्हणायची, “मेत्तगा उंदि.” म्हणजे मऊ आहे. सून ऐकून श्वास सोडायची आणि दूध काढायला बसायची. आता एक थेंब सांडला तरी चुकचुकायची. खालाचा नातू बाळसं धरू लागला. खाला आमच्या पोरीसाठी एक गुलाबी फ्रॉक घेऊन आली, तिला दोन वर्षांनी होईल एवढा. “भाई की तरफ से,” म्हणाली. मी म्हणाले, खाला, आता यांचं लग्न तर होऊ शकत नाही, नाहीतर आपण विहीणबाई झालो असतो. ती म्हणाली, तुम्हारे गुस्से के साथ समधन? तोबा. मी कितीतरी दिवसांनी मोठ्याने हसले आणि वॉचमनने येऊन मला गप्प केलं.

आणि मग एका दुपारी त्या मुलाचं पोट फुगलं.

सिस्टर बाहेर आली, दूध थांबवलंय म्हणाली, एक्सरेचं मशीन मागवलंय. सून उभी होती ती खाली बसली. तिचा चेहरा पांढराफटक. मग उठली, ओढणी सारखी केली आणि जिन्याकडे निघाली. मी तिला हाक मारली, तिने वळून पाहिलं नाही. मला कळलं की ही आता इथे परत येणार नाही, त्या मुलाजवळही नाही नि आपल्या पोरीजवळही नाही. मी पिशवी सावरत उठेपर्यंत ती जिन्यापाशी पोचली होती.

खाला उठली. गुडघेदुखीची बाई, पण तिने जिन्यावर जाऊन सुनेचा हात पकडला. मला वाटलं, आता ही हिला बोल लावणार. माझ्या नातवाला काय पाजलंस म्हणणार. बोलली तर मी तिला सोडणार नव्हते.

खाला म्हणाली, “किधर जारी?”

सून रडत म्हणाली, “मैंने बोला था अम्मा. मैंने बोला था, मेरा दूध नको.”

“एक माँ उसकी ऊपर बेहोश पड़ी है,” खाला म्हणाली. “दूसरी तू. तू भी भाग गई तो उसके पास कौन खड़ा रहेगा? बच्चा बीमार पड़ा तो माँ भागती क्या? चल. अंदर चल.”

तिने सुनेला हाताला धरून आणलं आणि दारातून आत ढकललं. मग माझ्या शेजारी येऊन बसली आणि जपमाळ काढली. तिचे ओठ हलत होते. मला त्यातलं काही येत नव्हतं, म्हणून मी मनात त्रिसरण म्हणत बसले. तिने नंतर कधीतरी माझा हात हातात घेतला होता, एवढं आठवतं.

एक्सरे चांगला आला. पोटात नुसती हवा साठली होती. आतडं ठीक होतं. ती हवा नळीने काढली, थोडा वेळ थांबून दूध पुन्हा सुरू केलं. सून तो सगळा वेळ त्या पेटीपाशी उभी होती. बाहेर आली तेव्हा डोळे सुजलेले, पण चालणं नेहमीचं. म्हणाली, “आई, डबा आणलाय का? भूक लागलीय.” मी डबा उघडला. वरण सांडलेलं होतं. तिने आणि खालाने त्यातलंच मिळून खाल्लं.

त्यानंतर काही दिवसांनी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, उद्या आपण तुमच्या बाळाला दूध सुरू करून बघू. अगदी थोडं. एक मिली. बँकेचंही आहे, तुमचंही आहे. कोणतं द्यायचं?

मी सुनेकडे पाहिलं. तोंडाशी आलेला सल्ला मी गिळला, आणि माझ्यासारख्या बाईला ते किती जड जातं हे माझ्या घरच्यांना विचारावं. सून म्हणाली, “माझं.”

मला त्या वेळी आत जायची परवानगी मिळाली. हात धुऊन, अंगात तो हिरवा झगा घालून मी पेटीपाशी उभी राहिले. ऑपरेशन झाल्यापासून सुनेने पोरीच्या पोटाकडे धड पाहिलंही नव्हतं, हे मला तिथे कळलं, कारण सिस्टरने दुपटं बाजूला केलं तशी तिने डोळे मिटले. मग उघडले. बारीक पिशवी, टाक्यांची रेघ, आणि त्याच्या वरखाली हलणारं छोटं पोट. तिने पेटीच्या खिडकीतून हात आत घातला आणि दोन बोटं त्या पोटाला लावली. तशीच राहू दिली.

सिस्टरने सिरिंज नळीला जोडली आणि म्हणाली, अम्मा, तुम्हीच धरा. दूध ढकलायचं नसतं, नुसतं उंच धरायचं, ते आपोआप उतरतं. सुनेने एका हाताने सिरिंज धरली, दुसरा पोटावर. दूध जागचं हलेना. मला वाटलं, आता हिचा धीर सुटतो. ती जरा उंच झाली, टाचा उचलून उभी राहिली, आणि दूध उतरू लागलं. एवढंसं तर होतं, लगेच संपलं.

आम्ही वाट पाहिली. हिरवं काही परत आलं नाही. पट्टी लावून पोट मोजलं, होतं तेवढंच होतं. पुढच्या वेळेला पुन्हा एक मिली गेलं, त्याच्या पुढच्याही वेळेला गेलं, आणि संध्याकाळी पोटावरच्या पिशवीत पिवळट काहीतरी उतरलं. सिस्टर म्हणाली, आतडं कामाला लागलं. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं आणि पुसायला हात मोकळे असूनही मी ते पुसलं नाही.

तेवढ्यात पोरीने ओठ हलवले. चोखल्यासारखे, पुन्हा पुन्हा. मग चेहरा वेडावाकडा करून रडायला लागली. आवाज कसला, मांजराच्या पिल्लाएवढा. सिस्टर सामान आवरत होती.

“सिस्टर,” सून म्हणाली, “इसको और दो.”

“नहीं अम्मा, आज इतनाच. डॉक्टर बोले.”

“अरे, उसको भूक लगी है. देखो ना. और दो उसको.”

“कल बढ़ाते, अम्मा.”

“कल कैसे? आज लगी है उसको भूक!”

लग्न होऊन घरात आल्यापासून जिचा चढलेला आवाज मी कधी ऐकला नव्हता, ती माझी सून दोन्ही हात कमरेवर ठेवून सिस्टरशी भांडत होती. मग माझ्याकडे वळून म्हणाली, “आई, सांगा ना हिला. बाटलीत आहे अजून. माझं आहे.”